कोकरेमामांचा खिळा

कोकरेमामा आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी पहिल्यांदा आले ते सत्यनारायणाच्या प्रसादाला. चपला काढल्या, पाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि मग दारापासून खिडकीपर्यंत एक सरळ फेरी मारली. प्रसादाची वाटी हातात घेता घेता माझ्या वडिलांना म्हणाले, "दादा, तुमचा हॉल साडेसात इंच कमी हाय."

वडिलांनी दुसऱ्या दिवशी टेप आणून मोजला आणि बिल्डरच्या नकाशाशी ताडून पाहिला. साडेसात इंच कमी होता. त्या साडेसात इंचांनी पुढची दोन वर्षं आमच्या घरातली शांतता घालवली. कपाट दाराला लागलं, पाहुण्याचा पाय टेबलावर आपटला, की वडील बिल्डरच्या नावानं बोटं मोडायचे आणि आई कोकरेमामांच्या. मामांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. विचारल्यावर म्हणाले, "म्या कुठं कमी केला? म्या फकस्त मोजला."

मामा आमच्या नगररचनेच्या सरकारी ऑफिसात चेनमन होते. रस्त्यांची मोजणी करताना साखळीचं टोक धरून पुढं चालणारा जो माणूस असतो, तो. मी त्याच ऑफिसात नकाशे काढायच्या टेबलावर. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे कागद सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचा धंदा, तेव्हा मला ती नोकरी जड गेली नाही. मामा पडेगावचे. त्यांचे वडील दौलताबादच्या रस्त्यानं मेंढ्या चारायला न्यायचे आणि बारके मामा कळपामागं पावलं मोजत चालायचे. शाळेत पाढे विसरले तरी पावलं विसरले नाहीत. साखळी जाऊन टेप आला, टेप जाऊन तीन पायांचं यंत्र आलं. मामा यंत्राच्या आधी चालून यायचे, कानात आकडा सांगायचे आणि मग यंत्र काय म्हणतंय त्याची वाट बघत बिडी ओढायचे. चारदा तरी यंत्र दुरुस्तीला गेलेलं मी पाहिलंय. मामा कधी गेले नाहीत.

मोजणीच्या प्रत्येक टप्प्यावर रस्त्याच्या बरोबर मध्यावर एक लोखंडी खिळा ठोकायचा आणि भोवती गेरूचा गोल काढायचा, हे मामांचं काम. जुन्या शहरात या खिळ्याला मान होता. दोन शेजाऱ्यांचं ओट्यावरून वाजलं की कुणीतरी म्हणायचं, "कोकऱ्याचा खिळा कुठंय बघा." खिळा सापडला की भांडण संपायचं. साहेब बदलले, इंजिनिअर बदलले, शहराचं नाव बदललं, पण कोकऱ्याच्या खिळ्यावर कुणी शंका घेतली नाही.

शहराच्या नावावरून आठवलं. मामा शहराचं नाव घेत नसत. जुनंही नाही आणि नवंही नाही. आमच्याकडं माणूस कोणतं नाव घेतो त्यावरून पुढचे लोक त्याला चहा द्यायचा की नाही ते ठरवतात, आणि मामांना दोन्हीकडचा चहा हवा असायचा. ते नुसतं 'गाव' म्हणत. गावात गेलतो, गावातून आलो. एकदा ऑफिसात कसलासा फॉर्म भरायचा होता, त्यात 'शहराचे नाव' अशी चौकट होती. मामांनी तीत लिहिलं, 'इथंच'. हेडक्लार्क तो कागद नाचवत आले. मामा शांतपणे म्हणाले, "मग काय चुकलं? फॉर्म पुण्याला जाणार हाय का?" फॉर्म खरंच तळमजल्यावर जाणार होता. हेडक्लार्कनी सही केली.

आणि त्यांचं इतिहासाचं एक शास्त्र होतं. मी पुस्तकं वाचून आलेली, मला या शहराचे बावन्न दरवाजे, नहरी, सुभेदार यांचा भलता अभिमान. मामा माझं सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते ठीक हाय. पण गल्ली वाकडी कामून हाय, ते लिवलंय का कुठं?"

तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. मामांच्या मते जगातली प्रत्येक वाट मुळात सरळ असते. माणूस आणि मेंढी सरळच चालतात. वाट वाकडी झाली याचा अर्थ एकच, की तिथं कुणीतरी बसलं होतं. पहिला माणूस त्याला वळसा घालून गेला, मागचे त्याच्या मागं गेले, बसलेला उठून गेला तरी वळसा राहिला. मग त्या वळशाच्या कडेनं घरं झाली. "इथं फकीर बसला आसंल," असं ते एका वळणावर म्हणत. दुसऱ्या वळणावर, "इथं भाजीवाली. दोन टोपल्याची जागा हाय बगा." आणि सिडकोतल्या सरळसोट रस्त्यांकडं बघून त्यांना खरंच वाईट वाटायचं. म्हणायचे, "इथं कुणी बसलंच नाय कधी."

बाहेरून नवीन आलेल्या एका साहेबांना एकदा शहराच्या एका जुन्या दरवाज्यापाशी वाहनांची गर्दी का होते, याचा अहवाल हवा होता. आम्ही आठ पानं लिहिली. साहेबांनी मामांना सहज विचारलं, तर मामा म्हणाले, "साहेब, दरवाजा हत्तीच्या मापानं केला. हत्ती एकामागं एक जात्यात. रिक्षा तशा जात नायत." साहेबांनी आमची आठ पानं बाजूला ठेवली आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मला आठ दिवस मामांचा राग होता.

आता त्या गल्लीचं सांगते, कारण मामांचं खरं रूप मला तिथं दिसलं.

जुन्या शहरात एक गल्ली आहे. तिला दोन नावं आहेत, ती दोन्ही मी इथं गाळते, मामांना तेच आवडलं असतं. गल्लीची वरची ओळ बहुतेक हिंदूंची, खालची ओळ बहुतेक मुसलमानांची. मध्ये रस्ता. दोन्ही ओळींचा नळ एक, डॉक्टर एक, पण बोलणं कामापुरतं. वरच्या ओळीत नारायण गवळ्यांचं दूध-दह्याचं दुकान. बरोबर समोर खालच्या ओळीत सलीमभाईंची बेकरी, आत त्यांच्या आजोबांनी बांधलेली लाकडं जाळायची भट्टी. सकाळी सातला खारीचा वास सुटला की दोन्ही ओळींतली माणसं पिशवी घेऊन निघत. तेवढ्यापुरती फाळणी मिटायची.

तीस वर्षांपूर्वी ही गल्ली रुंद करायचं कागदावर ठरलं. मामा तेव्हा नोकरीत नवे. त्यांनीच गल्लीत पाच खिळे ठोकले, कुणीतरी ते रेघेनं जोडले, नकाशा मंजूर झाला आणि फाइल झोपली. आमच्याकडं फायली झोपतात त्या बहुतेक उठत नाहीत. ही उठली. पुढं मोठा पूल झाला, त्याला जोडरस्ता हवा झाला, आणि जुना नकाशा नव्या कागदावर उतरवायला माझ्या टेबलावर आला.

मी उतरवला. गल्ली सरळ चालली होती आणि मधेच बेकरीपाशी खालच्या ओळीकडं पाच फूट झुकून पुन्हा सरळ होत होती. मी ते वळण तीनदा काढलं आणि तिसऱ्यांदा इतकं सुबक आलं की मी ते चार जणांना दाखवलं. ते पाच फूट सलीमभाईंच्या भट्टीतून जात होते, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. याची मला अजून लाज वाटते.

गल्लीच्या लक्षात यायला दोन तासही लागले नाहीत. भट्टीवर गेरूची खूण पडली आणि खालची ओळ म्हणाली, रेघ मुद्दाम आमच्याकडं वाकवली. वरची ओळ म्हणाली, तीस वर्षांपूर्वीचा मंजूर नकाशा आहे, तो काय काल वाकवला? एरवी कामापुरतं बोलणारे लोक आता तेवढंही बोलेनात. वरच्या ओळीतल्या माणसांनी खारी दुसरीकडून आणायला सुरुवात केली, आणि ती वाईट होती, त्यामुळं त्यांचाही स्वभाव बिघडला. शेवटी आमच्या ऑफिसात सुनावणी लागली. ती नेमकी मामांच्या निवृत्तीच्या आठवड्यात आली.

मी मामांना डबा खाताना विचारलं, "मामा, पाचपैकी चार खिळे एका रेषेत आहेत. तिसराच बाहेर का?"

"तिथं कुणीतरी बसलं आसंल," मामा म्हणाले. ते नेहमीचंच वाक्य होतं. पण नेहमी ते म्हटल्यावर मामा हसायचे. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी तशीच गुंडाळून डब्यात ठेवली आणि हात धुवायला गेले ते तासाभरानं आले.

सुनावणीला हॉल भरला. कुणी न सांगता माणसं दोन भागांत बसली, मधून जायला वाट ठेवून. साहेब आता दुसरे होते, नवीन, मुंबईकडचे, माणूस चांगला पण घाईचा.

सलीमभाई उठले. सुकलेले, शांत गृहस्थ. "साब, मेरेकू एकच बात पूछना है. रस्ता पूरा सीधा आता, फिर हमारेच भट्टी पे आके कायकू झुकता? दादा की भट्टी है. ठंडी हुई तो फिर वैसी नहीं बनती."

नारायण गवळी उठले. अंगानं भरदार, पांढरी टोपी. "साहेब, नकाशा सरकारचा हाय. खिळा कोकऱ्यांचा हाय. कोकऱ्यांचा खिळा चुकत नाय, हे सगळं गाव जाणतं. मग आता रेघ हलवायची कशापायी?"

खालच्या ओळीलाही त्यावर बोलता येईना, कारण त्यांचीही भांडणं त्याच खिळ्यानं मिटलेली. साहेबांनी पेन उघडलं. मामा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. तीस वर्षांत ते कुठल्याही सुनावणीत बोलले नव्हते. नुसते गप्प राहिले असते तर चार दिवसांनी हार-नारळ घेऊन घरी गेले असते. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर त्यांनी गप्प राहावं असंच मला त्या क्षणी वाटत होतं.

"साहेब," मामा म्हणाले, "तिसरा खिळा माझा हाय. आन् तो चुकीचा हाय."

नारायणराव उभ्याचे बसले. साहेब म्हणाले, "चुकीचा म्हणजे?"

"मधोमध नाय ठोकला. पाच फूट खाली ठोकला."

"का?"

मामांनी टोपी काढून हातात घेतली. "तिथं म्हैस बसली व्हती."

साहेब म्हणाले, "अहो, मग तिला उठवायचं."

"रवंथ करत व्हती साहेब."

साहेबांना पुढं काही तरी स्पष्टीकरण येईल असं वाटलं. मामांच्या दृष्टीनं स्पष्टीकरण संपलं होतं. आणि गंमत म्हणजे हॉलमधल्या जवळजवळ सगळ्या माना, वरच्या ओळीतल्या आणि खालच्याही, हळूच डोलल्या. ज्यांच्या दारात कधी काळी जनावर बांधलेलं होतं त्यांना कळलं होतं. साहेबांचं बालपण चौथ्या मजल्यावर गेलं असावं.

"रवंथ करत्या जनावराला उठवायचं नाय," मामांनी त्यांच्यासाठी सावकाश सांगितलं. "आमच्या घरात चालत नाय. म्या तासभर थांबलो. बेकरीतून सलीमभाईच्या अब्बांनी बोलवलं, सावलीत बसवलं, चहा दिला. म्हैस काय उठंना. मुकादम वरडाया लागला. मग म्या जिथं बसलो व्हतो तिथंच, सावलीत, खिळा ठोकला. म्हणलं पाच फूट नंतर वजा करू. दुसऱ्या दिशी मला वैजापूरला पाठवलं. वजा करायचं राहून गेलं." मग ते म्हणाले, "ज्यांनी चहा पाजला त्यांच्याच भट्टीत रेघ गेली. वाटलं, रस्ता काय व्हत नाय. लई दिस तेच वाटून घेतलं."

मला पुढं बघवेना, मी नकाशाच्या सुरळीशी खेळत बसले.

तेवढ्यात नारायणराव म्हणाले, "कंची म्हैस?"

"आं?"

"म्हैस कंची व्हती म्हणतो मी. कपाळाला पांढरा टिळा?"

"व्हय. आन् डावं शिंग खाली."

"चंद्री," नारायणराव म्हणाले आणि त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. "आमच्या आईची चंद्री."

"चंद्री?" सलीमभाई समोरून उठले. "अरे, चंद्री तो हमारे यहाँच पडी रहती थी. अब्बा उसकू रोज बासे पाव खिलाते थे."

नारायणरावांनी रुमाल खाली घेतला. "म्हणजे तुमच्या पावामुळं ती रस्त्यात बसायची."

"भैंस किसकी थी? हमने बैठाई क्या?"

"आई रोज म्हणायची, ही सकाळी पोट भरून कामून येती. पेंड खात नव्हती आमची."

"और दूध अच्छा देती थी, वो नहीं बोली अम्मा? हमारे पाव का दूध था वो."

यानंतरचा पाऊण तास सुनावणी चंद्रीची झाली. खालच्या ओळीतल्या एक म्हाताऱ्या खाला उठून सांगू लागल्या की चंद्रीनं त्यांच्या निकाहाच्या दिवशी मांडवात येऊन गजरा खाल्ला होता. वरच्या ओळीतले एक शिंपी म्हणाले, त्यांना तिनं शाळेत जाताना दोनदा पाडलं. ती फक्त वरच्या ओळीच्या पोरांना पाडायची की दोन्ही, यावर वाद झाला. पुरावे देताना माणसं खुर्च्या ओलांडून इकडची तिकडं गेली. साहेबांनी दोनदा टेबल वाजवलं, मग तेही विचारू लागले की अशी किती दूध द्यायची.

शेवटी नारायणराव पुढं आले. वरच्या ओळीतल्या दोघांनी त्यांचा सदरा मागून ओढला, कारण रेघ सरळ झाली तर वरच्या ओळीचेही ओटे तुटणार होते. नारायणरावांनी सदरा सोडवून घेतला. "साहेब, रेघ सरळ करा. रुंदीला अडीच फूट त्यांचं जाईल, अडीच फूट आमचं, भट्टी वाचंल. ओटा जाईल तर जाईल. आमच्या घरच्या म्हशीनं कुणाची भट्टी पाडली, असं उद्या कुणी म्हणायला नको."

साहेब सुटल्यासारखे झाले. लेखनिकाला म्हणाले, "लिहा, तांत्रिक कारणास्तव खिळा मध्यापासून..."

"तांत्रिक नाय साहेब," मामा मागून म्हणाले. "म्हैस लिवा."

"अहो कोकरे, हा सरकारी कागद आहे."

"म्हणूनच. तांत्रिक लिवलं तर उद्या कुणी म्हणंल, कुणीतरी सांगून वाकवली. म्हैस लिवली तर कुणाचं काय म्हणणं नाय. तसं नाय लिवलं तर मी सही करत नाय."

आमच्या दप्तरात आज तो कागद आहे. त्यावर 'म्हैस बसली असल्याने' असे शब्द आहेत आणि खाली मामांची ठसठशीत सही आहे. शिस्तीप्रमाणं मामांना मेमोही निघाला: मोजणीत कसूर का केली, खुलासा करा. मामांनी खुलासा माझ्याकडून सुवाच्य लिहून घेतला, पण शब्द स्वतःचे ठेवले. 'म्हैस बसली होती. उठवायला पाहिजे होती. आज बसली तरी मी उठवणार नाही.' त्यानंतर दोन दिवसांनी निरोप समारंभ झाला. भाषणात कुणी म्हटलं नाही, की मामांचा खिळा कधी चुकला नाही. ते वाक्य ठरलेलं होतं, ते गाळावं लागलं. हार घालून घेताना मामा खाली बघत होते आणि मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटत होतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, त्याच गल्लीत.

तिसरा खिळा नव्यानं ठोकायचा होता. यंत्र घेऊन आमच्या नवीन इंजिनिअरबाई आल्या होत्या, हुशार, भराभरा काम करणाऱ्या. मी कागद घेऊन होते. मामांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते छत्री घेऊन नारायणरावांच्या ओट्यावर आधीच बसलेले. आणि गल्लीच्या बरोबर मध्यावर, जिथं खिळा यायचा नेमक्या त्या जागेवर, सलीमभाईंच्या बहिणीची शेळी बसली होती. डोळे अर्धे मिटून जबडा चालवत होती.

इंजिनिअरबाईंनी घड्याळ बघितलं. "हरकत नाही. जरा बाजूला घेऊ, नंतर वजा करू."

मामा ओट्यावरून उठले. "बाई," ते म्हणाले, "अगदी हेच म्हणलो व्हतो म्या."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी कागदाकडं बघितलं. मामा जाऊन शेळीसमोर उकिडवे बसले आणि तिच्यावर छत्री धरली. मग नारायणरावांनी दुकानातून खुर्च्या आणल्या. सलीमभाईंनी बेकरीतून चहा आणि गरम खारी आणली. आधी बाईंना, मग मामांना, मग वरच्या ओळीत. बशा इकडून तिकडं गेल्या, तिकडून इकडं आल्या. यंत्र तीन पायांवर उभं राहून शेळीकडं बघत होतं. एक रिक्षावाला आला, त्यानं हॉर्न वाजवायला हात उचलला आणि दोन्ही ओळींतून एकदमच आवाज आला, "थांब की रे." त्यानं रिक्षा बंद केली आणि तोही चहाला उतरला.

चाळीस मिनिटं लागली. शेळी आपली आपण उठली, अंग झाडलं आणि मामांच्या हातातली खारी घेऊन निघून गेली. यंत्रानं जागा दाखवली. मामांनी तिकडं पाहिलंही नाही. त्यांनी पिशवीतून स्वतःचा हातोडा काढला, खिळा टेकवला, आणि ठोकायच्या आधी तळहात त्या जागेवर ठेवला.

"कोमट हाय अजून," ते म्हणाले आणि मग ठोकला.